मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा कसे?

अजिंक्यतारा
नमस्कार मंडळी. माझे आई-बाबा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला निघालेत. परत येणार फेब्रुवारीत. एवढा लांबचा प्रवास दोघांचाही पहिलाच. बाबांचं वय ७४, मधुमेह आहे, सकाळ-रात्र इन्सुलिन घ्यावं लागतं. त्यामुळे 'पंधरा-सोळा तास लागतात' एवढ्या उत्तरावर माझं भागत नाही. किती वाजता खायचं, किती वाजता सुई, याचा कागद करून मला त्यांच्या हातात द्यायचाय.

गोंधळ असा झालाय. अंतर सांगणाऱ्या एका साइटवर मुंबई–न्यूयॉर्क १२,५३० किलोमीटर आणि वेळ १३ तास ५५ मिनिटं दिसते. दुसऱ्या साइटवर अंतर तेच, पण वेळ १५ तास १५ मिनिटं. तिकिटावर जायचं विमान रात्री २ ला सुटून त्याच तारखेला सकाळी साडेआठला पोचतं, म्हणजे हिशेबाने १६ तास. येतानाचं सकाळी साडेअकराला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला, म्हणजे साडेचौदा. यातलं खरं कुठलं धरायचं? आणि नकाशावर अमेरिका सरळ पश्चिमेला दिसत असताना विमानाची रेघ रशिया-ग्रीनलँडकडे का जाते? बाबांनी हाच प्रश्न विचारला आणि मला नीट सांगता आलं नाही.

नकाशावेडा
अंतराचं मी सांगतो, वेळेचं जाणकार सांगतीलच.

१२,५३० हा आकडा बरोबर आहे. पृथ्वीच्या पाठीवरून दोन विमानतळांमधलं सगळ्यात कमी अंतर तेवढंच. घरात पृथ्वीचा गोल असेल तर बाबांनाच एक दोरा द्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणायला सांगा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकेल. कच्छच्या बाजूने सिंध, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाखस्तानचा पश्चिम भाग, पुढे रशिया (मॉस्को डाव्या हाताला ठेवून सेंट पीटर्सबर्गच्या आसपास), नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं अगदी दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि वरून खाली न्यूयॉर्क. या वाटेचं सगळ्यात उत्तरेचं ठिकाण साधारण ६५ अंश अक्षांशावर येतं, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या जरासं खाली. मुंबईहून निघताना विमानाचं तोंड पश्चिमेला नसतंच, वायव्येपेक्षाही उत्तरेकडे जास्त झुकलेलं असतं.

आपल्या शाळेच्या भिंतीवर जो नकाशा असायचा तो बहुतेक वेळा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा. त्याने तो १५६९ मध्ये दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकलं तर त्या नकाशावर सरळ रेघ मिळते, ही त्याची सोय. पण उत्तरेकडचा मुलूख त्यात अवाढव्य ताणला जातो. त्या नकाशावरच्या सरळ रेघेने मुंबईहून न्यूयॉर्कला गेलात तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. कागदावर वाकडी दिसणारी वाट खरी सरळ आहे, आणि ती जवळजवळ १,७०० किलोमीटर वाचवते.

न्यूअर्कचं तिकीट असलं तरी हेच आकडे धरा. न्यूयॉर्कचा केनेडी आणि न्यू जर्सीतला न्यूअर्क हे विमानतळ एकमेकांपासून हवेतून तीसेक किलोमीटरवर आहेत.

कोरी पाटी
माझी एक जुनी शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान पश्चिमेकडे जात असताना न्यूयॉर्क त्याच्याकडेच येत असणार ना? जाताना वेळ कमी लागायला हवा. इथे तर उलट आहे.

वाराखुणा
कोरी पाटी, ही शंका फार जणांना असते आणि विचारली ते बरं केलंत. पृथ्वीबरोबर तिच्या भोवतीची हवाही फिरते. धावत्या डेक्कन क्वीनमध्ये तुम्ही जागच्या जागी उडी मारलीत तर मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसंच. विमान हवेत उडतं, आणि हवा मुळात जमिनीसोबत फिरतेच आहे. प्रश्न राहतो तो हवेच्या त्यावरच्या जादा हालचालीचा, म्हणजे वाऱ्याचा.

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम केलं. उड्डाणाआधी वाट ठरवायची, इंधन किती भरायचं ते काढायचं, हे आमचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या दोन साइट. त्यांना विमानही माहीत नसतं आणि वाराही. पहिलीने १२,५३० ला ताशी ९०० ने भागलं. करून बघा, बरोबर १३ तास ५५ मिनिटं येतात. दुसरीने ताशी ८५० धरून वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास घातला. दोन्ही नुसते भागाकार आहेत. जाताना आणि येताना एकच वेळ दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर औषधांचा तक्ता बांधू नका.

आता वारा. विषुववृत्ताकडची हवा गरम आणि ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे मधल्या अक्षांशांवर, ९ ते १२ किलोमीटर उंचीला, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस पट्टे तयार होतात. यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध येतो तो इथे, पण कोरी पाटींना वाटलं त्याच्या बरोबर उलट बाजूने. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्याने अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि बाहेरच्या जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना ते वारे अंगावर झेलूनच कळले.

या पट्ट्याच्या मध्यभागी ताशी २०० किलोमीटरच्या पुढचा वारा अनेकदा असतो, हिवाळ्यात त्याहून जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्या प्रवासाला सहा तासांच्या पुढे लागतात. तेव्हा जमिनीच्या हिशेबाने त्या विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. इंजिनं नेहमीसारखीच चालत होती. ज्या हवेत ते उडत होतं तीच धावत होती.

मुंबई–न्यूयॉर्कचं गणित मांडू. बोईंग ७७७ सारखं विमान हवेत ताशी ९०० च्या आसपास जातं. प्रत्यक्षातली वाट नकाशावेड्यांच्या दोऱ्याएवढी सरळ नसते, तेव्हा १२,९०० किलोमीटर धरा. पूर्ण वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा समोरचा वारा धरला तर जमिनीवरचा वेग ८५०, म्हणजे १५ तास १० मिनिटं. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९५०, म्हणजे १३ तास ३५ मिनिटं. आता दोन्हींत पाऊण तास मिळवा. त्यात जमिनीवरचं रांगणं आलं, संथ चढण आली आणि उतरण्याआधीची वळणं आली. १६ ला पाच मिनिटं कमी, आणि १४ तास २० मिनिटं. तुमच्या तिकिटावर हेच तर आहे. सरासरी ५० हा मी धरलेला आकडा आहे, रोज तो वेगळा असतो, पण अंदाज यावा म्हणून पुरे.

तिकिटावरची वेळ ही गेटपासून गेटपर्यंतची असते. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. चाकांखालचे अडसर काढल्यापासून पलीकडे ते पुन्हा लावेपर्यंत. त्यात कंपनी थोडी ऐसपैस जागाही ठेवते, कारण उशीर तिलाही परवडत नाही. म्हणून कधी विमान अर्धा तास लवकर टेकतं.

अजिंक्यतारा
वाराखुणा काका, इतकं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी वहीत आकडे उतरवून घेतले. मग अजून एक विचारतो. वेग वाढवून वेळ का कमी करत नाहीत? समोर वारा असेल तर जोरात जायचं.

वाराखुणा
थोडं करतात, पण फार नाही. विमान आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांवर जात असतं. त्याच्या पुढे रेटलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन भसाभस जळतं. आणि या प्रवासात इंधन हेच सगळ्यात मोठं ओझं असतं. ७७७-३००ईआर चं उड्डाणावेळचं कमाल वजन ३५१ टन. टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातले सुमारे १४५ टन नुसतं इंधन. म्हणजे इंधन वाहून न्यायलाच इंधन लागतं. जड विमान सुरुवातीला फार उंच जाऊच शकत नाही. आधी ३०-३१ हजार फुटांवर राहतं, वजन हलकं होईल तसं पायरीपायरीने वर चढतं. समोरच्या सीटच्या पडद्यावर उंचीचा आकडा बदलताना आई-बाबांना दिसेल. घाबरू नका म्हणावं.

घाटमाथा
तो सिंध-अफगाणिस्तानचा मार्ग आता कुठे राहिलाय? एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना आकाश बंद केलंय. बालाकोटनंतरही २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद होतं. माझी बहीण तेव्हा दिल्लीहून येत होती, तिचे फार हाल झाले. मुंबईवाल्यांनाही तेवढाच फेरा पडतो का?

नकाशावेडा
चांगला मुद्दा. मी गणित करून पाहिलं. पाकिस्तान टाळून आधी अरबी समुद्रावरून मस्कतपर्यंत जायचं आणि तिथून न्यूयॉर्कची सरळ वाट धरायची, असं माना.

मुंबईहून : मस्कतपर्यंत सुमारे १,५९०, पुढे ११,३२०. एकूण १२,९१० च्या आसपास. सरळ वाटेपेक्षा फक्त ३८० किलोमीटर जास्त, म्हणजे पंचवीसेक मिनिटं.

दिल्लीहून : मस्कतपर्यंत सुमारे १,९६०, पुढे तेच ११,३२०. एकूण १३,२८०. दिल्ली–न्यूयॉर्क सरळ अंतर ११,७५५. म्हणजे फेरा दीड हजार किलोमीटरचा, पावणेदोन तासांचा.

एरवी दिल्लीहून न्यूयॉर्क मुंबईपेक्षा पावणेआठशे किलोमीटर जवळ. पाकिस्तानचं आकाश मिटलं की मुंबई जवळ होते. दिल्लीहून आधी उलटं नैर्ऋत्येला यावं लागतं, आपण मुळातच समुद्राच्या तोंडाशी आहोत. तुमच्या बहिणीचे हाल का झाले ते यात दिसतं.

वाराखुणा
नकाशावेड्यांच्या गणिताला एक पुस्ती. मस्कतहून पुढची सरळ वाट इराणवरून जाते. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला तेव्हा तेही आकाश मिटलं होतं आणि निघालेली विमानं परत फिरवावी लागली. तशा वेळी अजून दक्षिणेकडून, सौदी-इजिप्तवरून जावं लागतं आणि फेरा वाढतो. शिवाय कंपनी कुठल्या देशाची तेही बघावं लागतं. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिकी, युरोपीय, ब्रिटिश आणि कॅनडाच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. त्यामुळे एकाच रात्री एकाच शहरातून निघालेली दोन विमानं वेगळ्या वाटेने जातात आणि त्यांच्या वेळेत तासाभराचा फरक पडू शकतो. दोन्हींचं अंतर साइटवर मात्र १२,५३० च.

अजिंक्यतारा, निघण्याआधी दोन आठवडे तुमच्या विमानाचा क्रमांक एखाद्या विमानांचा माग ठेवणाऱ्या साइटवर रोज बघा. कधी सुटलं, कधी टेकलं, कुठून गेलं, सगळं दिसतं. त्यातली सगळ्यात लांबलेली वेळ धरून तक्ता करा. छापील आकड्यापेक्षा हे भरवशाचं.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत राहते, सासू-सासरे आणि माझे आई-बाबा दोघंही येऊन गेलेत. दादा, वाऱ्याच्या आधी तारखेकडे बघा, कळकळीने सांगते. रात्री दोनचं विमान म्हणजे तिकिटावर ४ सप्टेंबर लिहिलं असेल तर घर ३ तारखेला सोडायचं. ४ तारखेला संध्याकाळी बॅगा घेऊन विमानतळावर पोचलेली माणसं मी ऐकलीत, आमच्या नात्यातच. विमान आदल्या रात्री गेलेलं असतं. साताऱ्याहून निघायचं तर ३ ला दुपारीच निघा. पावसाळा, घाट, त्यात गणपतीच्या आगेमागे हायवेची गर्दी. विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी पोचायला हवं.

घड्याळाचं असं. सप्टेंबरमध्ये भारत न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे. रात्री २ + १६ तास = भारतातले संध्याकाळचे ६. त्यातून साडेनऊ वजा केले की सकाळचे साडेआठ. तिकीट बरोबर आहे. पण आई-बाबांच्या शरीराला ती संध्याकाळ असणार आणि समोर लख्ख सकाळ. त्या दिवशी भावाला कुठलेही बेत करू देऊ नका. आणि साडेआठला टेकलं म्हणजे नऊला बाहेर असं नाही. इमिग्रेशनची रांग, बॅगा, दीड-दोन तास सहज. व्हीलचेअर तिकिटातच नोंदवून घ्या. चालता येत असलं तरीही घ्या. तिथल्या लांबलचक वाटा आणि रांगा यांत म्हाताऱ्या माणसांना कुणीतरी हात धरून नेणारं मिळतं हा मोठा आधार आहे.

घाटमाथा
मला विचाराल तर सलग १६ तास ७४ वर्षांच्या माणसाला नकोतच. दुबई किंवा अबूधाबीला थांबा घ्यावा. पाय मोकळे होतात, तोंड धुतलं जातं, नीट जेवता येतं. अंतर तरी किती वाढणार?

नकाशावेडा
अंतर खरंच फार वाढत नाही. मुंबई–दुबई १,९३०, दुबई–न्यूयॉर्क ११,०२०. बेरीज १२,९५०, म्हणजे चारशेच्या आसपास जास्त. लंडनमार्गे तर त्याहून कमी फरक : ७,२१० आणि ५,५४०, मिळून १२,७५०. लंडन जवळजवळ वाटेवरच आहे.

हडसनकाठ
घाटमाथा, अंतर नाही वाढत पण वेळ वाढतो. आणि दुबईहून पुढचा टप्पा १४ तासांचा राहतोच की! तीन तासांत पाय मोकळे करायची गरज कुणाला पडते? लंडनचा थांबा मधोमध येतो, तो मी समजू शकते. पण दोघांचाही पहिला प्रवास आहे. भल्या पहाटे परक्या विमानतळावर दुसरं गेट शोधायचं, पुन्हा तपासणी, विमान उशिरा आलं तर पुढचं चुकायची धास्ती. माझ्या सासूबाईंचं पुढचं विमान चुकलं तेव्हा त्या नऊ तास एका खुर्चीवर बसून होत्या, इन्सुलिन त्यांनाही लागतं. मी तरी थेटच म्हणेन.

घाटमाथा
हे पटलं. दुसरा टप्पा १४ तासांचा आहे हे मी लक्षातच घेतलं नव्हतं.

जुना सांताक्रूझ
मी सांताक्रूझच्या विमानतळावर उमेदीची वर्षं काढली. मुंबई–न्यूयॉर्क एका दमात हे अलीकडचं आहे, हे तरुणांना माहीत असावं म्हणून लिहितो.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं. ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली मे १९६० मध्ये, बोईंग ७०७ ने, लंडनवरून. जेट आल्याने वेळ पुष्कळ घटला, पण थांबे राहिलेच. मधे इंधन घेतल्याशिवाय ही मजल मारणारं विमानच तेव्हा नव्हतं. पुढे एअर इंडियाकडे लांब पल्ल्याचं बोईंग ७७७-२००एलआर आलं. ऑगस्ट २००७ पासून एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क थेट सुरू केलं. १९४८ पासून मोजलं तर एकोणसाठ वर्षं लागली. अंतर तेव्हाही हेच होतं. आज तुमचे आई-बाबा मुंबईत बसून थेट तिकडे उतरणार, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कोरी पाटी
पाठीशी वारा असेल तर एवढा फायदा होतो, मग जातानाही पूर्वेकडून, पॅसिफिकवरून का जात नाहीत?

वाराखुणा
न्यूयॉर्कसाठी नाही जमत. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. पश्चिमेकडून १२,५३०, तर उलट बाजूने २७,००० च्या वर. कुठलाही वारा एवढा फरक भरून काढत नाही.

पण सॅन फ्रान्सिस्कोसाठी नेमकं हेच केलंय. ते आपल्या इतकं पलीकडे आहे की दोन्ही बाजूंनी जाता येतं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, चौदाशेने जास्त. तरीही साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण समोरचा वारा आता पाठीशी आला. त्या वेळी ते जगातलं सगळ्यात लांब न थांबता होणारं नियमित उड्डाण ठरलं. लांबची वाट लवकर पोचवते, हे आम्ही रोज कागदावर करत होतो. पण सगळ्या देशाला ते बातमीत वाचायला मिळालं तेव्हा फार आनंद झाला होता.

शेवंती
मी मधुमेहाच्या रुग्णांसोबत काम करणारी परिचारिका आहे. डोस किती आणि कधी हे बाबांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण त्यांच्याकडे जाताना काय घेऊन जायचं ते सांगते.

पश्चिमेला जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो. रोजचे २४ तास त्या दिवशी साडेतेहेतीस होतात. त्यामुळे मधे जास्तीचा डोस लागेल का, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा. परतीला उलटं, दिवस आखडतो, तेव्हा दोन डोस फार जवळ यायला नकोत. विमानात असेपर्यंत बाबांच्या मनगटावरचं घड्याळ मुंबईच्याच वेळेवर राहू द्या. उतरल्यावर बदला.

जेवणाचं बघा. रात्री दोनला सुटलेल्या विमानात पहिलं ताट तीन-साडेतीनला येतं, आणि दुसरं उतरण्याच्या दोनेक तास आधी, म्हणजे भारतातल्या दुपारी चारच्या सुमाराला. बाबांची सकाळची सुई आठ वाजता. तेव्हा विमानात अंधार, सगळे झोपलेले, ताट नाही. म्हणून सोबत दशम्या किंवा थेपले द्या, आणि बसल्या बसल्या हवाई सुंदरीला सांगून ठेवायला सांगा. सुई आधी आणि खाणं नंतर कधीतरी, असं अजिबात होऊ देऊ नका. साखर उतरली तर लगेच तोंडात टाकायला ग्लुकोजच्या गोळ्या खिशात हव्यात, वरच्या कप्प्यातल्या पिशवीत नकोत.

इन्सुलिन सगळं हातातल्या पिशवीत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात गोठू शकतं आणि गोठलेलं वापरता येत नाही. निम्मं बाबांच्या पिशवीत, निम्मं आईंच्या. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत. आणि दर दीड-दोन तासांनी उठून दोन फेऱ्या, कडेची सीट मागून घ्या. इतके तास बसून पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका या वयात असतो. दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून घ्या.

अजिंक्यतारा
शेवंतीताई, हेच हवं होतं. सकाळी आठच्या सुईच्या वेळी ताट नसणार हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. उद्याच डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

सध्या कागद असा केलाय, वेळा सगळ्या मुंबईच्या : रात्री ८:३० वाटेत जेवण आणि सुई. ११ ला विमानतळ. २ ला उड्डाण. ३:३० चं ताट, त्यातलं किती खायचं ते डॉक्टर सांगतील. सकाळी ८ ला साखर तपासून सुई आणि दशमी. ४ ला दुसरं ताट. ६ ते ७ मध्ये उतरणं, एक तास उशीर धरून. रात्री ८:३० ची सुई तिथे सकाळी ११ ला येते, म्हणजे बहुतेक भावाच्या गाडीत. तिचं काय करायचं तेही विचारतो.

फेब्रुवारीतल्या परतीचा कागद याच हिशेबाने करू ना? साडेनऊ तास मिळवायचे आणि प्रवास साडेचौदा तासांचा?

हडसनकाठ
साडेनऊ नाही दादा, परतीला साडेदहा. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. फेब्रुवारीत सकाळी साडेअकराला विमान सुटेल तेव्हा भारतात रात्रीचे १० असतील. त्यात साडेचौदा मिळवा, दुपारी साडेबारा. तुमच्या तिकिटाशी जुळतं. बाबांची रात्रीची सुई इथे घेताना ती इथल्या वेळेने घ्यायची की भारताच्या, हे तेव्हाही डॉक्टरांना विचारावं लागेल, कारण सहा महिन्यांत त्यांचं शरीर इथल्या घड्याळाला लागलेलं असेल.

वाराखुणा
आणि फेब्रुवारीत जेट स्ट्रीम जोरात असते, तेव्हा साडेचौदाच्या ऐवजी चौदाच्या आतही टेकेल. परतीच्या कागदावर दुसऱ्या जेवणाची आणि औषधाची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडेच धरा. मुंबईत न्यायला येणाऱ्या गाडीला दुपारी बाराला हजर राहायला सांगा.